स्वारी गुहागरला निघाली

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. त्या संगमापासून हाकेच्या अंतरावर माझा दवाखाना आहे आणि तेथे मी गेली २८ वर्षे तान्ह्या मुलांच्या आयांना सल्ले देत आले आहे. बाळाला घेऊन प्रवास करावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले असे : ‘‘अवश्य करा. सामान कमी घ्या, वेळ जास्त ठेवा आणि बाळाच्या झोपेच्या वेळा सांभाळा.’’ गेल्या मार्गशीर्षात आमच्या आठ महिन्यांच्या नातवाला कुलदैवताच्या दर्शनाला गुहागरास नेण्याचे ठरले, तेव्हा या तिन्ही सूचनांचे प्रत्यक्षात काय होते, ते मला प्रथमच जवळून पाहायला मिळाले.

सामानाची यादी जावयांनी केली होती. ते संगणकाच्या क्षेत्रातले, त्यामुळे यादीला क्रमांक होते आणि शेवटचा क्रमांक होता ४३. तीत दोन तापमापके होती. ‘‘घरात डॉक्टर असताना दोन कशाला?’’ असे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘एक बिघडले तर?’’ डॉक्टर बिघडली तर काय करायचे, याचाही विचार त्यांनी केला असावा. कारण चिपळूण आणि गुहागर येथील दोन बालरोगतज्ज्ञांचे दूरध्वनी क्रमांक यादीखाली लिहिलेले होते. खेळण्यांची एक स्वतंत्र पिशवी होती. स्वारीने ती खेळणी एकदाच पाहिली आणि पुढचे तीन दिवस पिशवीच्या बंदाशी खेळण्यात घालवले.

ही स्वारी म्हणजे आमचा नातू. स्वभावाने कमालीचा हसरा. आठव्या-नवव्या महिन्यांत बहुतेक मुले अनोळखी चेहरा दिसला की आईच्या पदरात तोंड लपवतात. वाढीचा तो एक नेहमीचा टप्पा आहे. आमच्या बाळाच्या वाट्याला तो अजून आलेला नाही. तो वाहतूक पोलिसाकडे पाहून हसतो, शेळीकडे पाहून हसतो, आणि लस टोचणाऱ्या परिचारिकेकडेसुद्धा सुई टोचेपर्यंत हसतच असतो. ‘‘किती गुणी बाळ हो! नशीबवान आहे तुमची लेक,’’ असे जो तो म्हणे. मीही म्हणत असे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

कराडहून पाटणमार्गे चिपळूणला जाणारा रस्ता बराच वेळ कोयनेच्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जातो. आमचे हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. चालकाशेजारी बसून, मान मागे वळवून, त्यांनी नातवाला संपूर्ण कोयना प्रकल्प समजावून सांगितला. महाबळेश्वराहून दक्षिणेकडे आलेली ही नदी हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडकडे येते. पण धरणात अडवलेले तिचे बरेचसे पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. ‘‘कळले का? एकाच नदीचे पाणी दोन समुद्रांना!’’ असे त्यांनी विचारले. स्वारीने अत्यंत आदराने ऐकून घेतले आणि त्यांचा चष्मा ओढला. ३४ वर्षांच्या नोकरीत इतका एकाग्र विद्यार्थी आपल्याला मिळाला नव्हता, असे यांचे मत आहे.

कुंभार्ली घाटापूर्वी आम्ही गाडी थांबवली. घाट उतरताना हवेचा दाब वाढतो आणि कानांना दडे बसतात. गिळण्याच्या क्रियेने ते सुटतात. म्हणून लहान बाळाला उतरणीच्या आधी किंवा मध्ये गाडी थांबवून पाजावे, चालत्या गाडीत मात्र मांडीवर घेऊन पाजू नये. त्याला त्याच्या आसनात, मागे तोंड करून, पट्टा लावूनच बसवावे. हे सारे यथासांग पार पडले. घाटातील वळणे सुरू झाली आणि गाडीत ओकारीचा आवाज आला. मी चपळाईने मागे वळले. ओकारी जावयांना झाली होती. दोन वर्षांखालील मुलांना गाडी लागणे विरळच असते. परंतु वळणावळणाच्या रस्त्यावर भ्रमणध्वनीत ‘बाळाच्या प्रवासातील अडचणी’ वाचणाऱ्या वडिलांना ती हमखास लागते. बाळाला तो आवाज इतका विनोदी वाटला, की हसता हसता त्याला उचकी लागली. त्यानंतर वडिलांनी नुसता खोकला काढला तरी तो आशेने त्यांच्याकडे पाही.

चार तासांच्या वाटेला आम्हाला सात तास लागले. चिपळूणपासून सुमारे ४५ किलोमीटरवर गुहागर. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा एक लांबलचक रस्ता. त्याच्या कडेने कौलारू घरे, घरांमागे नारळी-पोफळींची आगरे, आगरांमागे सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे कित्येक किलोमीटर पसरलेली सरळ, स्वच्छ पुळण. रस्त्यावरून जाताना समुद्र दिसत नाही. गाज मात्र घराघरांत ऐकू येते. आम्ही उतरलो ते असेच एक घर होते. पुढे अंगण, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, पडवीत झोपाळा आणि घर चालवणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजी. त्यांनी सामानाकडे पाहिले आणि विचारले, ‘‘किती महिने राहणार?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याडेश्वराचे दर्शन झाले. गुरुजी तीर्थ देऊ लागले, तेव्हा स्वारीने पळीऐवजी त्यांच्या उपरण्याचे टोक पकडले आणि ते सरळ तोंडात घातले. सोडवायला गेले की अधिक घट्ट. आठव्या महिन्यात मूल वस्तू ओळखते ती मुख्यतः तोंडाने. देवळातही त्याचा नियम बदलत नाही. गुरुजी शांतपणे उभे राहिले. मागे रांग खोळंबली, सगळे हसू लागले आणि आपल्यामुळे एवढा आनंद होत आहे हे कळल्यावर स्वारीने आवेशाने ते टोक आणखी आत घेतले. जावई हे सारे टिपत होते. उपरणे शेवटी सोडवले ते लेकीने. हळूच बाळाच्या तळव्याला गुदगुल्या करून.

दुपारी पडवीत वाटीचा कार्यक्रम झाला. स्टीलची रिकामी वाटी झोपाळ्यावरून खाली टाकायची, ती टण्‌ वाजली की हसायचे आणि आजोबांनी उचलून दिली की पुन्हा टाकायची. सोडलेली वस्तू खाली जाते, तिचा आवाज होतो, ती नाहीशी न होता परत येते, हे तीन मोठे शोध या वयात लागतात आणि प्रत्येक शास्त्रज्ञाप्रमाणे बाळही प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहते. त्यात खोडी नसते. यांनी २२ वेळा वाटी उचलली. तेविसाव्या वेळी कंबर धरून ते खालीच बसले, आणि बाळाने वाटी टाकली ती त्यांच्या डोक्यावर. आवाज वेगळा आला. शास्त्रज्ञ आनंदाने किंचाळला.

आजींनी संध्याकाळी बोटावर मध आणला. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, क्वचित त्यातून तान्ह्यांना गंभीर विषबाधा होऊ शकते, असे मी सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. ‘‘मग जावयांना देत्ये. कालपासून त्यांचं तोंड उतरलंय,’’ म्हणाल्या आणि खरोखरच तो मध जावयांना चाटवला. बाळासाठी त्यांनी गुरगुट्या भात शिजवला होता, वर लोणकढे तूप. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने द्यायचे अन्न यापेक्षा चांगले कोणते असेल! मीठ-साखर मी वर्षापर्यंत टाळायला सांगते. स्वारीला त्यांची उणीव भासलेली दिसली नाही. निम्मा भात पोटात, पाव भात केसांत आणि उरलेला आजोबांच्या सदऱ्यावर, अशी न्याय्य वाटणी झाली.

सूर्य कलल्यावर पुळणीवर गेलो. ओल्या वाळूला पाऊल लागताच बाळाने दहाही बोटे आखडून घेतली. मग लाटेची एक पातळ कड आली, घोट्यांपर्यंत चढली आणि पायांखालची वाळू घेऊन मागे सरली. त्याने खाली पाहिले, आईकडे पाहिले, पुन्हा खाली पाहिले. क्षणभर चेहरा गंभीर झाला आणि मग जे हसू फुटले त्याने आसपासचे चार-पाच परके लोकसुद्धा थांबले. एक बाई म्हणाल्या, ‘‘असं बाळ असेल तर घरात दुःख यायचंच नाही.’’ लेक त्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तीही हसली. निदान मला तसे वाटले.

रात्री जेवताना जावई फोटो दाखवत होते. दोन दिवसांत त्यांनी २१२ फोटो काढले होते. ते पाहता पाहता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाळ प्रत्येकात होते. आजोबा होते, मी होते, गुरुजी होते, शेळीसुद्धा होती. लेकीचा मात्र कुठे हात दिसे, कुठे खांदा, कुठे बाळाच्या पाठीमागचा दुपट्टा. तिचा चेहरा तीन फोटोंत होता आणि त्या तिन्हींत ती बाळाकडे पाहत होती. मी मनात नोंद केली आणि जेवू लागले. नोंद करणे आणि विचारणे यांत अंतर आहे. ते मी त्या वेळी ओलांडले नाही.

ते ओलांडले आजींनी. लेकीच्या मांडीवर बाळ पेंगत होते, समोर तिचे ताट निवत होते. आजींनी काही न बोलता बाळ उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि म्हणाल्या, ‘‘पोरानं खाल्लंन, झोपेल आता. तू कधी जेवणार गो?’’ लेक म्हणाली, ‘‘जेवते ना.’’ आजी तिथेच बसल्या. ‘‘आणि झोप? झोप लागते का तुला रात्री?’’

लेक ‘हो’ म्हणायला गेली. तो शब्द आला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा ताटात पडू लागले. जावई भ्रमणध्वनी हातात धरून तसेच बसून राहिले. आणि मी, घरातली डॉक्टर, मलाही काही सुचले नाही. ४३ वस्तूंच्या यादीत हा प्रश्न नव्हता. माझ्या तीन सूचनांतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाला आजोबांकडे सोपवून आम्ही दोघी सुरूच्या झाडांखालून चालत गेलो. लेक सांगत होती. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही. जेवण नकोसे वाटते. आवडीची गाणीही ऐकवत नाहीत. आपण चांगली आई नाही, आपल्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडे ते अधिक सुखात राहील, असे रोज वाटते. ‘‘तू मला का सांगितले नाहीस?’’ असे मी विचारले. ती म्हणाली, ‘‘काय सांगणार, आई? बाळ रडके असते तर म्हणता आले असते, दमले आहे. हे सारखे हसते. सगळे म्हणतात, तू नशीबवान. मग मी कशासाठी रडते, ते मलाच सांगता येत नाही.’’ जिवाचे बरेवाईट करावे किंवा बाळाला इजा व्हावी असे कधी मनात येते का, हे मी तिला स्पष्ट शब्दांत विचारले. आईने लेकीला विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण तो विचारावाच लागतो आणि विचारल्याने तसे विचार मनात पेरले जात नाहीत. ती नाही म्हणाली. मी थोडा वेळ वाळूतच बसले.

वाचकहो, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळ स्त्रियांना उगाच रडू येते, मन हळवे होते. दोन आठवड्यांच्या आत ते बहुधा आपोआप ओसरते. पण उदासी, निरुत्साह, झोप न लागणे, अपराधी वाटणे हे दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि ते पहिल्या वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकते. तो आजार आहे. मायेचा अभाव नव्हे आणि नाटकही नव्हे. तो ओळखण्यासाठी एडिंबरा येथे तयार झालेली आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली डॉक्टर जगभर वापरतात. समुपदेशनाने पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात. औषधांची गरज पडलीच, तर अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतील अशी औषधे आहेत. थकव्यामागे रक्ताची कमतरता किंवा थायरॉइड ग्रंथीचा बिघाडही असू शकतो, म्हणून रक्ततपासणी करावी. जीव द्यावासा वाटणे, बाळाला इजा करण्याचे विचार येणे, भास होणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि तोवर त्या स्त्रीला एकटे सोडू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

हे सारे मला पाठ होते. तरीही माझ्याच घरात मी आठ महिने बाळाकडे पाहत राहिले. त्याचे कारण माझ्या दवाखान्यात आहे. बाळ तपासायला येते, त्याचे वजन घेतले जाते, छाती ऐकली जाते, लसीची तारीख लिहिली जाते. बाळ हसरे असेल तर मी खूश, सारे ठीक आहे असे समजून केसपेपर पुढे सरकवते. ते बाळ ज्या हातांत असते, त्या हातांच्या वरचा चेहरा जावयांच्या फोटोंप्रमाणे माझ्याही चौकटीबाहेर राहत आला. हसऱ्या बाळाने मला २८ वर्षे फसवले असे म्हणता येणार नाही. ते बिचारे नुसते हसत होते.

परतीच्या प्रवासात बसण्याची व्यवस्था बदलली. बाळाशेजारी आजोबा बसले, जावई पुढे, भ्रमणध्वनी खिशात. लेक दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी. कुंभार्ली घाट चढू लागलो आणि तिचा डोळा लागला. मान कलली, तोंड किंचित उघडे पडले आणि ती चक्क घोरू लागली. स्वारीला हा आवाज नवा होता. त्याने कान टवकारले, आईकडे पाहिले आणि खुदकन हसला. आम्ही तिघेही ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे पाहत राहिलो. कोयनानगर, पाटण, सारे मागे गेले. गाडी दारात उभी राहिली तरी आम्ही तिला उठवले नाही. बाळाला पाजायची वेळ झाली तेव्हा त्यानेच उठवले.

स्वतःच्या मुलीवर आपण उपचार करू नयेत, म्हणून मी तिला माझ्या एका सहकारी डॉक्टरांकडे पाठवले. रक्त कमी निघाले आणि मनही आजारी निघाले. दोन्हींवर उपचार चालू आहेत. जावयांनी नवी यादी केली आहे. ती पाच ओळींची आहे आणि तिच्यात पहिल्या क्रमांकाला ‘रात्रीचे बाळ माझ्याकडे, पाजण्यापुरते तिच्याकडे’ असे लिहिले आहे. चार महिन्यांनी ती आता पूर्वीसारखी भांडूही लागली आहे. हा लेख लिहू का, असे मी तिला विचारले, तेव्हा म्हणाली, ‘‘लिही. पण याला घाटात ओकारी झाली तेही लिही.’’

दवाखान्यात मी आता बाळाला तपासण्याआधी आईला दोन प्रश्न विचारते. ‘‘तुम्ही जेवलात का? झोप लागते का?’’ पुष्कळदा त्या मागे वळून पाहतात. प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असावा, असे त्यांना वाटते. तोवर बाळाने माझा स्टेथोस्कोप तोंडात घातलेला असतो. मी तो तसाच राहू देते आणि उत्तराची वाट पाहते.